पैलवानांची पकड आणि एक पातळ रिंग

दिवाळीच्या आधी मी वाकडला लेकीकडे राहायला गेले की लिफ्टमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, "काकू, भोसरीत तुमचं दुकान आहे म्हणे? काय विकता?" मी म्हणते, "चक." गेल्या वर्षी एका बाईंचा चेहरा एकदम उजळला. "भाजणीच्या का? आमच्यासाठी अर्धा किलो ठेवाल?" त्यांना चकल्या ऐकू आल्या होत्या. दहाव्या मजल्यापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्यात मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि त्या उतरताना म्हणाल्या, "म्हणजे खायचं काही नाही."

नाही, खायचं काही नाही. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवून त्याला हत्याराने सोलणारं मशीन. तो तुकडा फिरताना घट्ट धरून ठेवणारा लोखंडी पंजा म्हणजे चक. चाकण-भोसरी पट्ट्यात जेवढं म्हणून गोल बनतं, ते सगळं कधी ना कधी कुठल्या तरी चकच्या जबड्यात बसून आलेलं असतं. गाडी घेणारा माणूस इंजिनाचं कौतुक करतो, रंगाचं करतो. चकचं कोणी करत नाही. मी करते. माझं आयुष्य त्यावर गेलंय.

मी मूळची उदगीरकडची. लग्न होऊन काळेवाडीत आले तेव्हा मला लेथ म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. आमचे हे, वसंतराव, चक दुरुस्त करायचे. झिजलेले जबडे ग्राइंड करायचे, आतली घाण काढून पुन्हा जोडायचे. हात सोन्याचा, पण बोलणं असं की गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला तर उत्तर यायच्या आत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पोचायचं. म्हणून मी काउंटरवर बसले. आधी नावं पाठ केली, मग वजनं, आणि मग हळूहळू कळायला लागलं की लोक चक मागायला येतात, पण त्यांना नेमका कुठला हवाय ते त्यांना माहीत नसतं. तेव्हापासून कोणीही आलं की मी एकच विचारते, "धरायचंय काय?"

कारण सगळं त्यावर आहे. तीन जबड्यांचा चक सगळ्यात सोयीचा. एका ठिकाणी चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदम पुढे येतात आणि गोल वस्तू आपोआप मधोमध बसते. चार जबड्यांच्या चकमध्ये प्रत्येक जबडा वेगळा सरकतो. वाकडीतिकडी, चौकोनी, कशीही वस्तू त्यात धरता येते, पण ती मधोमध आणायला सबुरी लागते. काळेवाडीत मोटारी दुरुस्त करणारे हमीदभाई दुसऱ्या कुठल्या चकला हातच लावत नाहीत. मी एकदा म्हटलं, "भाईजान, गोल कामाला तीन जबड्यांचा घ्या की, वेळ वाचेल." ते म्हणाले, "भाभी, वेळ वाचवून करायचं काय? घरी गेलो की बायको भाजी निवडायला बसवते."

मला सांगायचंय ते मात्र कुरुळीच्या गायकवाडांबद्दल.

श्रावण संपत आला होता. सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावत होते, तेवढ्यात दारात अंधार झाला. वर पाहिलं तर एक धिप्पाड म्हातारे गृहस्थ. डोक्याला पांढरा फेटा, कान कुस्तीगिराचे असतात तसे चुरगळलेले, आणि खांद्यावर दहा इंची चक! जो चक उचलायला आमच्या दुकानात दोन माणसं लागतात, तो त्यांनी एखादी परात आणावी तसा आणला होता. मागे साधारण तिशीची एक बाई, हातात कापडी पिशवी, कपाळाला आठ्या.

म्हाताऱ्यांनी चक काउंटरवर ठेवला. काउंटर कण्हलं.

"ताई, याला नवे जबडे पायजेत. चांगले दांडगे. जुन्याची पकड ढिली पडतीया."

"बसा दादा. आधी सांगा, धरायचंय काय?"

त्यांनी मागे पाहिलं. "दाव गं त्यांना."

त्या बाईने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लोखंडी रिंग काढली. बांगडीहून जराशी रुंद, आणि भिंत इतकी पातळ की टिचकी मारली तर घुंगरासारखी वाजली. मी रिंग पाहिली, चक पाहिला, आणि वसंतरावांना आतून हाक मारली.

बाईचं नाव मनीषा. म्हाताऱ्यांची सून. माहेर मंचरचं, आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथकामाचा, कोर्स केलेली. लग्नाआधी चाकणच्या एका कंपनीत काम करायची. मूल झालं, शिफ्ट जमेना, नोकरी सुटली. मग तिने घरात विषय काढला की रस्त्याकडेची शेड रिकामी आहे, तिथे एक जुना लेथ टाकू. नवरा संतोष स्वतः कंपनीत. त्याचं म्हणणं, शेड गोदामाला देऊन टाकावी, डोक्याला ताप नाही. घरात तिच्या बाजूने एकटा माणूस उभा राहिला, तो म्हणजे हे सासरे, धोंडिबा पैलवान. सबंध कुरुळीत ते सांगत सुटले होते की आमची सून लोखंड सोलती. दसऱ्यापर्यंत काम मार्गी लागलं तर लेथ राहील, नाहीतर शेड गोदामवाल्याला जाईल, असं घरात ठरलं होतं.

"आणि आता रिंगांचं काम देणाऱ्या कंपनीने दोन लॉट परत पाठवलेत," मनीषा म्हणाली. "ते म्हणतात, रिंग आतून गोल नाही, तिकोनी आहे. मी सगळीकडून माप घेतलं ताई. कुठूनही मोजा, सारखंच येतं. मग तिकोनी कशी? इन्स्पेक्टर साहेब भले आहेत, म्हणाले अजून एक लॉट देतो. पण हा शेवटचा."

"त्यांचं मशीनच बिघडलं आसंल," पैलवान म्हणाले.

वसंतरावांनी ग्राइंड केलेला, एका टोकाला अगदी किंचित निमुळता असलेला दांडा आणला. त्यावर निळी शाई चोळली; दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात हे पाहायला आमच्या धंद्यात ती वापरतात. मग रिंग त्या दांड्यावर हलकेच दाबून बसवली, काढली, आणि उजेडात धरली.

आतल्या बाजूला तीन निळे डाग. बाकी सगळं कोरडं.

मनीषाने रिंग हातात घेतली. बाहेरच्या अंगाला चकच्या जबड्यांच्या पुसट खुणा होत्या, त्याही तीन. प्रत्येक डाग दोन खुणांच्या बरोबर मध्ये पडला होता. ती बराच वेळ रिंग फिरवत राहिली. मग तिचे ओठ हलायला लागले, मनातल्या मनात गणित सोडवणाऱ्या माणसासारखे.

"जबड्यांनी दाबली की रिंग तीन ठिकाणी आत जाते," ती हळू म्हणाली. "मी तशीच दाबलेली असताना आतून गोल कापते. सोडली की ती पुन्हा पसरते. म्हणजे जबड्यांपाशी बाहेर फुगते, मधल्या जागी आत राहते."

"आणि तीन म्हटल्यावर फुगलेल्या जागेच्या समोर नेमकी दबलेली जागा येते," मी म्हटलं. "एकीकडे जेवढं जास्त, समोर तेवढं कमी. तू आरपार मोजतेस, बेरीज सारखीच येते."

"अगं बाई!" ती म्हणाली आणि चक्क हसली. आठ्या गेल्या. आपण वेडे नाही, हे कळल्याचा आनंद काही वेगळाच असतो.

मग मी सहज विचारून गेले, "चावी एवढी करकचून कोण आवळतं गं?"

मनीषाने रिंग वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. वसंतरावांना अचानक आत काहीतरी काम आठवलं.

"म्या आवळतो," पैलवान म्हणाले. "परत्येक रिंग. तिच्या हाताला तरास नको म्हणून. हा चकबी म्याच आणला, भंगार बाजारात फिरून फिरून. पयला लई बारका हुता."

माझ्या ध्यानात सगळा प्रकार आला. पोरीला बहुधा केव्हाच शंका आली होती. पण घरात जो एकटा माणूस आपल्या बाजूने उभा राहिला, सकाळी तिच्या आधी शेडमध्ये येऊन झाडलोट करतो, प्रत्येक रिंगला मोठ्या हौसेने चावी मारतो, त्याला सांगायचं तरी कसं की मामा, तुमच्या मदतीनेच काम बिघडतंय?

मी म्हटलं, "दादा, चकमध्ये खोट नाही. पण तो जाड कामाचा गडी आहे. हिला लहान चक हवा, आणि मऊ जबडे."

"मऊ?" पैलवानांचा आवाज चढला. "मऊ धरलं तर सुटंल की! उडून कुनाच्या तरी कपाळात बसंल. ताई, सबंद जलम कुस्तीत गेला माजा. पकड ती पकड."

मी समजावायला लागले की मऊ म्हणजे ढिले नव्हेत. साध्या लोखंडाचे, कोरता येतील असे, रुंद जबडे. एका भाकरीचे तीन तुकडे करून पुन्हा जवळ ठेवावेत तसे ते दिसतात. ते मशीनवरच आतून कोरायचे, अगदी रिंगच्या बाहेरच्या मापाला. मग ते रिंगला तीन जागी टोचत नाहीत, चोहोबाजूंनी कवेत घेतात. मी बोलत होते आणि पैलवान मान हलवत होते. पटल्याची मान नव्हे. बाईमाणसाला मध्येच कसं तोडायचं म्हणून हलवायची मान.

तेवढ्यात मनीषा पुढे झाली. "मामा, हात द्या."

पैलवानांनी हात पुढे केला. तिने तीन बोटांची टोकं त्यांच्या मनगटात रुतवली आणि होता तेवढा जोर लावला.

"अगं, दुकतंय!" त्यांनी एका झटक्यात मनगट सोडवलं.

"आता पुन्हा द्या." या वेळी तिने सगळा तळहात मनगटाभोवती लपेटला, दुसऱ्या हाताचाही, आणि दोन्ही पाय फरशीवर रोवून उभी राहिली. "सोडवा."

त्यांनी ओढलं. सुटलं नाही. पुन्हा ओढलं. मनीषा काउंटरपर्यंत फरफटत आली, पण मनगट तिच्या हातातच होतं. आणि मग तिचं तिलाच भान आलं असावं. परक्या दुकानात, भर बाजारात, सुनेने सासऱ्याचं मनगट धरलं होतं. तिने चटकन हात काढला आणि पदर सारखा करायला लागली. मी पैलवानांकडे पाहत होते.

त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. आधीचे तीन लाल ठिपके अजून दिसत होते. बाकी काही खूण नव्हती.

"दुकलं न्हाई," ते म्हणाले. "आन सुटलंबी न्हाई." मग ते जे हसायला लागले, की समोरच्या नटबोल्टवाल्याने डोकावून पाहिलं. "वस्ताद आमचा ह्येच सांगायचा! बोटांनी धरू नगंस, अंगानं धर. आन म्या येड्यानं रिंगला बोटांनी धरलं!"

रविवारी आम्ही दोघं नवा आठ इंची चक आणि जबडे घेऊन कुरुळीला गेलो. खरं तर बसवायला जायची गरज नव्हती. मनीषाला सगळं येत होतं. पण मला राहवेना, आणि वसंतरावांनी सकाळीच गाडी पुसून ठेवली होती, म्हणजे त्यांनाही राहवत नव्हतं. शेडच्या एका कोपऱ्यात लेथ, दुसऱ्या कोपऱ्यात वैरण, बाहेर म्हैस. संतोषही सुट्टीचा घरी होता. तो दाराला टेकून उभा राहिला. आत येईना, जाईना.

मनीषाने जबडे कोरले. त्यातही एक खुबी असते. जबडे मोकळे असताना कोरून उपयोग नाही. त्यांच्यात एक तुकडा धरून, ताण देऊन मगच कोरायचे. म्हणजे काम करताना ते जसे बसतील तसेच कोरले जातात. लोखंडाचा बारीक कीस उडत होता आणि पैलवान फेटा सावरत इतक्या जवळून बघत होते की तिला दोनदा सांगावं लागलं, "मामा, मागं सरा."

पहिली रिंग चढवली. चावी तिने स्वतः मारली, हलक्या हाताने. मशीन सुरू झालं, हत्यार टेकलं, आणि पुढच्या क्षणी असा कर्कश आवाज झाला की बाहेर म्हैस उठून उभी राहिली. रिंग जबड्यातल्या जबड्यात फिरली होती. मनीषाने झटकन मशीन थांबवलं.

"म्हनलं हुतं का न्हाई!" पैलवान गरजले. संतोषने दारातूनच मान हलवली. मनीषाचा चेहरा पडला.

काउंटरवरचं माझं ज्ञान तिथे संपलं होतं. वसंतराव मात्र शांतपणे रिंग पुसत होते. पुसून झाल्यावर बोलले, "पैलवान, तालमीत आधी काय करता? जोर, की डाव?"

"आदी जोर. अंग मोकळं झालं की मग डाव."

"मग इथंही तसंच. जाड काप आधी, घट्ट धरून. थोडं लोखंड शेवटासाठी शिल्लक ठेवायचं. मग चावी ढिली करायची, रिंगला श्वास घेऊ द्यायचा. पुन्हा हलकं धरायचं, आणि शेवटचा बारीक काप."

आमच्या संसारात त्यांनी सलग एवढी वाक्यं बोललेली मी क्वचितच ऐकली होती. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मनीषा मात्र कामाला लागली होती. दुसरी रिंग. घट्ट धरून जाड काप, ढिली केली, रिंग किंचित टिकटिकली, पुन्हा हलकी चावी. शेवटचा काप इतका बारीक होता की हत्याराखालून निघणारा कीस केसासारखा वाऱ्यावर तरंगत होता. आवाज असा गोड, जणू कोणी दूरवर तंबोरा लावतंय.

रिंग निघाली. मनीषाने आम्ही दुकानातून आणलेल्या दांड्यावर निळी शाई चोळली. तिने दांडा सासऱ्यांकडे दिला. "मामा, तुम्ही बघा."

पैलवानांनी त्या भल्यामोठ्या बोटांनी रिंग दांड्यावर ठेवली, जणू तान्ह्या बाळाला टोपडं घालताहेत अशी. दाबली. काढली. दारापाशी उजेडात नेली आणि फिरवून फिरवून बघत राहिले.

"काय झालं आबा?" संतोषने विचारलं.

पैलवानांनी रिंग त्याच्या नाकासमोर धरली. आत निळं कडं उमटलं होतं. पुरतं, कुठेही न तुटलेलं.

त्यानंतर शेडमध्ये एकच कल्ला झाला. पैलवानांनी मांडीवर शड्डू ठोकला. आतून सासूबाई पिठलं ढवळता ढवळता पळत आल्या आणि काय झालंय ते न कळताच हसायला लागल्या. संतोषने रिंग घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि बायकोला म्हणाला, "दुसरी कर बरं, मला नीट बघू दे." तो मशीनपाशी जाऊन उभा राहिला तो जेवायची हाक येईपर्यंत हलला नाही. पिठलं थोडं करपलं होतं. तसं पिठलं मी पुन्हा खाल्लेलं नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये.

लॉट कंपनीत गेला. पुढचे काही दिवस दुकानातला फोन वाजला की आम्ही दोघंही धावायचो. एका दुपारी मनीषाचा फोन आला, कंपनीच्या गेटवरून. मागे ट्रकचे हॉर्न, तिचं अर्धं बोलणं कळेना. "ताई, पास! सगळ्या पास! इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं, चक बदलला का? मी म्हटलं, चक बदलला आणि चावीवाला पण." मग फोन कोणीतरी हिसकावला आणि कानात दणदणीत आवाज आला, "ताई, जुना चावीवाला मीच हाय! आता मला शाईचं काम दिलंय. माज्या डोळ्याखालनं गेल्याबिगर एक रिंग भाईर जात न्हाई!"

दसऱ्याला त्यांचं बोलावणं आलं. लेथला हळदकुंकू, झेंडूची माळ, चकवर आपट्याची पानं. गोदामवाल्याला संतोषने स्वतःच नकार कळवला होता. शेडच्या दारावर पेंटर शिडीवर चढून नव्या पाटीची अक्षरं रंगवत होता, आणि खाली उभ्या पैलवानांशी त्याचा वाद रंगला होता.

"आजोबा, सगळीकडं ‘अँड सन्स’ असतं. नायतर ‘अँड सन’. मी काय आज पाटी रंगवतोय का?"

"सन कंपनीत हाय माजा," पैलवान म्हणाले. "हितं सून हाय. तू सून लिव्ह."

"अहो, लोक हसतील."

"हसू दे की. हसत हसत आत येतील."

संतोष माझ्या शेजारी उभा होता. तो हसू दाबत म्हणाला, "लिही रे भावा. सन स्वतः सांगतोय."

पेंटरने कपाळावर हात मारला आणि ‘स’ला दीर्घ उकार देऊन ‘न’ ओढला. मग शिडीवरून उतरून, ब्रश डब्यावर आडवा ठेवून तो चहा प्यायला गेला. मनीषाला आतून बोलावलं. ती हात पुसत आली, वर पाहिलं आणि वाचलं. गायकवाड अड सून. तिने नाक ओढलं, पदराने डोळे टिपले, पुन्हा पाटी पाहिली. आता ही सासऱ्यांच्या पाया पडणार, असं मला वाटलं.

"मामा," ती म्हणाली, "‘अँड’वरचा चंद्र राहिलाय."

"मग दे की तू. दुकान कुनाचं हाय?"

तिने डब्यावरचा ब्रश उचलला, साडी खोचली आणि शिडी चढायला लागली. पैलवानांनी खालून शिडी धरली, दोन्ही तळहातांनी, हलक्या हाताने. तिने आधी चंद्र काढला, जरासा वाकडा. मग जीभ दातात धरून, नीट नेम धरून, वर टिंब दिलं.